सहाव्या लेव्हलची नदी

नव्वदच्या दशकात मी सुरतेत, उधन्याला, एका मराठी शाळेत गणित शिकवत होते आणि तिथल्याच एका मराठी साप्ताहिकात व्हिडिओ गेमवर लिहीत होते. या दोन गोष्टी एका दमात सांगितल्या की लोक हसतात. तेव्हाही हसायचे. मुलं गृहपाठ सोडून असं काय खेळतात ते बघावं म्हणून एका विद्यार्थ्याची कॅसेट मी जप्त करून घरी आणली, आणि ती परत द्यायला मला तीन आठवडे लागले. त्यावर एक लेख लिहिला, तो छापून आला, आणि मग दर आठवड्याला संपादकांचा निरोप येऊ लागला.

माझा एक नियम होता. खेळ शेवटच्या लेव्हलपर्यंत पार केल्याशिवाय त्यावर एक ओळ लिहायची नाही. आलेखाच्या कागदावर मी प्रत्येक लेव्हलचा नकाशा काढायची, कुठे उडी, कुठे शत्रू, सगळं चौकोन मोजून. घरचे, म्हणजे माझे यजमान, म्हणायचे, "पेपर तपासायला एवढी मेहनत घेतेस का?" ते बँकेत होते, त्यांना आकड्यांचा उत्साह घरी नको असायचा.

दुसरी सवय मी कधी नियम म्हणून लिहून ठेवली नव्हती, कारण ती आमच्या वस्तीत सगळ्यांचीच होती. भिंतीपलीकडे नंदुरबारकडचे दोघे भाऊ राहायचे, दोघेही कापडाच्या लूमवर कामाला. एकाची दिवसपाळी असली की दुसऱ्याची रात्रपाळी, म्हणजे घरात कायम कुणीतरी झोपलेलं. आमच्याकडे कुकरच्या शिट्ट्यासुद्धा सकाळी लवकर उरकायच्या. मी शाळेतून येऊन दुपारी खेळायला बसायची ती टीव्हीचा आवाज पूर्ण बंद करून. माणूस बारा तास मशीनपुढे उभा राहून येतो, त्याची झोप मोडायची म्हणजे पापच. हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मीही त्यांना कधी विचारलं नव्हतं.

तर त्या वर्षी कतारगामच्या एका छोट्या कंपनीची कॅसेट आली. ही मंडळी एरवी बाहेरचे खेळ आणून आपल्या डब्यात विकायची, पण हा खेळ त्यांनी स्वतः बनवला होता. मला केवढा अभिमान वाटला! सुरतेत बनलेला खेळ. एक माणूस कंदील घेऊन गावोगाव जातो, एवढीच गोष्ट. पाच लेव्हल मी आनंदाने पार केल्या. सहाव्या लेव्हलला नदी आली, धुकं आलं, आणि पूल नव्हता.

मी आठ दिवस त्या नदीत बुडत होते. आलेखाचा कागद घेतला, काठाचा प्रत्येक चौकोन आखला, प्रत्येकावरून उडी मारली. प्रत्येक वेळी तो बिचारा कंदिलासकट पाण्यात. दोन वह्या भरल्या. शेवटी मी ठरवलं की पूल नाही, म्हणजे माझ्या नियमातली शेवटची लेव्हल हीच, आणि हे मी सिद्ध केलेलं आहे. मग जे लिहिलं ते आज वाचताना कान गरम होतात. खेळ अर्धवट आहे, बनवणाऱ्यांना तो पुरा करता आला नाही म्हणून त्यांनी नदी आडवी घातली, आणि अर्धवट माल विकणाऱ्यांची कुठलीही कॅसेट यापुढे मी हातात घेणार नाही. डब्यालाही सोडलं नाही. "वर भलीमोठी घंटा छापली आहे, आत देऊळ कुठेही नाही," असं लिहून मी स्वतःवर फार खूश झाले होते.

पुढच्याच आठवड्यात भर दुपारी दारात एक माणूस उभा राहिला. तिशीचा असेल, शर्ट घामाने चिकटलेला. त्यानेच तो खेळ बनवला होता. हळू, अगदी नम्रपणे म्हणाला, "बेन, एक वार तमारी सामे रमी बतावुं?" माझ्यासमोर एकदा खेळून दाखवू का, एवढंच त्याचं मागणं होतं. मी म्हटलं, "विकणारा शेजारी बसला की मी खेळ बघत नाही. शिकवायचं काम माझं आहे." तो चपला घालून जिना उतरला. मी त्याला आत बोलावलं नाही, पाणीसुद्धा विचारलं नाही. तत्त्व पाळल्याचं समाधान मला दिवसभर पुरलं.

त्यानंतर पाच वर्षं मी त्या कंपनीला हात लावला नाही. त्यांनी पाठवलेलं पाकीट न फोडता परत गेलं. वाचक मला त्या कारणाने मानायचे, "ताई कुणाच्या दबावाला बळी पडत नाहीत," म्हणायचे. नवापूरहून एका बाईंचं पत्र आलं होतं की त्यांनी ती नदी पहिल्याच संध्याकाळी पार केली. मी ते वाचून हसले आणि खणात टाकलं. मनात म्हटलं, लोक काय वाटेल त्या फुशारक्या मारतात.

पाचव्या वर्षी आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली. खानदेशात या सणाला दिवाळीइतकाच मान, त्यामुळे उधन्याची अर्धी वस्ती गावी जाते. शेजारचे दोघे भाऊही गेले. मी स्वयंपाकघरात आमरस करत होते, कोपरापर्यंत हात बरबटलेले. घरच्यांना सुट्टी होती आणि उकाड्याने जीव नको झाला होता. त्यांनी कपाटावरून हाताला लागेल ती कॅसेट काढली, यंत्रात घातली, आणि शेजारी कुणी नाही म्हणून टीव्हीचा आवाज मोठा केला. आमच्या घरात व्हिडिओ गेमचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला.

बऱ्याच वेळाने बाहेरच्या खोलीतून घंटा ऐकू आली. टण्. मग पुन्हा टण्. तिसऱ्या टोल्याला घरचे "अरे वा!" म्हणाले.

"काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही, नदी होती, ओलांडली."

मी तशाच हातांनी बाहेर आले. पडद्यावर कंदीलवाला पलीकडच्या काठावर उभा होता. त्यांनी मला पुन्हा करून दाखवलं. धुक्यात काहीच दिसत नाही. घंटा तीन टोले देते, आणि तिसऱ्या टोल्यासरशी उडी मारली तर पाण्याखालची फळी पायाला लागते. पुढची घंटा, पुढची फळी. पूल होता. तो कानांनी ओलांडायचा होता, आणि मी त्याला मुका करून ठेवला होता. डब्यावरची घंटासुद्धा तेच सांगत होती.

"एवढी काय पांढरी पडलीस?" घरचे म्हणाले. "खेळच तर आहे."

मी हात धुऊन बसले आणि उरलेला खेळ संध्याकाळपर्यंत संपवला. सुंदर होता. हे लिहिताना अजूनही वाईट वाटतं, पण सुंदरच होता. आमरस त्या दिवशी कुणी धड खाल्ला नाही.

चार दिवसांनी शेजारचे परत आले. थोरल्या भावाला मी सगळी हकीकत सांगितली, जरा उपकाराच्या सुरातच, की बाबा तुमच्या झोपेपायी हे झालं. तो खो खो हसला. "ताई, कसाले बंद ठेवतस आवाज? आमले ते लूमना खडखडाटमाच झोप लागस. गावले गऊत, तठे इतलं शांत, की डोळाले डोळा नही लागना." म्हणजे खडखडाटातच झोपणाऱ्यांसाठी मी इतकी वर्षं जी शांतता जपली, ती कुणाला नकोच होती.

रविवारी मी कतारगामला गेले. पत्ता डब्यावरच होता. खाली हिरे घासायचा कारखाना, चाकांची घरघर जिन्यापर्यंत येत होती. वरच्या खोलीत तोच माणूस कॅसेटच्या डब्यांवर कागद चिकटवत बसला होता, केस कानांजवळ पिकलेले. त्याने मला ओळखलं. मी काही बोलायच्या आत तो उठला, माठातलं पाणी पेल्यात घेतलं आणि माझ्या हातात दिलं. "बेसो, बेन. बहु ताप छे." बसा, ऊन फार आहे, एवढंच म्हणाला.

मी पेला हातात धरूनच सगळं सांगितलं. शेजार, पाळ्या, बंद आवाज, आमरस. तो खालच्या घरघरीकडे बोट दाखवून म्हणाला, "में तो अहीं बेसीने बनावी. सुरतमां अवाज वगरनुं घर होय, एवो विचार ज न आव्यो." खेळ त्याने इथेच बसून बनवला होता; आवाजाशिवायचं घर असू शकतं हे त्याच्या मनातच आलं नव्हतं. मग स्वतःशीच हसला.

मी म्हटलं, येत्या अंकात मी चूक कबूल करते, सगळं लिहिते. तुमचे पुढचे सगळे खेळ पाठवा, आवाज चालू ठेवून खेळेन.

"लखजो, बेन," तो म्हणाला. "पण मोकलुं शुं? आ बधी बहारनी छे." त्याने समोरच्या डब्यांवरून हात फिरवला. "मारी तो ए एक ज हती. पछी नथी बनावी."

समोरच्या सगळ्या बाहेरच्या, मग पाठवणार काय? स्वतःची त्याने तेवढीच एक बनवली, पुढे नाही बनवली. त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती. मी कबुलीजबाब लिहिला, तो ठळक छापून आला, वाचकांनी त्याचंही कौतुक केलं. पण त्या खोलीत मला फक्त हातातला पेला दिसत होता. हा माणूस माझ्याकडे याच उन्हातून आला होता. मी ते पाणी सगळं प्यायले, आणि त्याने न विचारता पेला पुन्हा भरला.