बिनपाण्याच्या बागेला टँकर

१९ मे. काम साधं होतं, झाडांची मापं घ्यायची. ऊन चढायच्या आत टेप घेऊन एकेका झाडाशी उकिडवं बसायचं, उंची मोजायची, बुंध्याचा घेर मोजायचा, पानं किती हिरवी आणि किती करपली ते बघायचं आणि पुढच्या झाडाकडे सरकायचं. लातूरच्या कॉलेजात उद्यानविद्या आणि लँडस्केप शिकायला आले त्याचं हे दुसरं वर्ष. ते संपत आलं होतं आणि माझा सगळा प्रबंध या मापांवर उभा होता.

प्लॉटवर पोचले आणि चप्पल चिखलात रुतली.

मे महिन्यात लातुरात चिखल! मी आधी खाली बघितलं, मग पाइप कुठे फुटलाय का ते बघितलं. पाइप त्या बाजूला नव्हताच. मुद्दामच घेतला नव्हता. माझ्या प्लॉटचे दोन भाग होते. एका भागातल्या झाडांना पाणी द्यायचं, दुसऱ्यातल्यांना पहिला उन्हाळा निघाला की पाणी पूर्ण बंद. दोन्हीकडे झाडं तीच: तरवड, करवंद, निर्गुडी, आपटा, बाभूळ, सीताफळ. लातूरच्या मुरमाड जमिनीवर, दुसऱ्या उन्हाळ्यात, थेंबभर पाणी न देता यातलं काय जगतं हे बघायचं होतं. एवढाच प्रयोग. आणि आता बिनपाण्याच्या भागातलं एकूण एक आळं काठोकाठ भरलं होतं.

भरीला प्रत्येक बुंध्याला गेरू आणि चुन्याचे पट्टे मारलेले. माझी बाभूळ अंगठ्याएवढी जाड. तिलाही. निम्मं झाड रंगात आणि वर चार काटे. वाटेच्या दोन्ही बाजूंना पाम उभे होते. नर्सरीतून भाड्यानं आणलेले, काळ्या पिशवीसकट जमिनीत गाडून वर माती सारलेली. आमच्याकडे कुणी मोठं माणूस यायचं असलं की हे करतात. माणूस गेलं की पाम उपटून परत नर्सरीत. लग्नाच्या मांडवातल्या खुर्च्या नेतात तसे.

टँकरवाला कोपऱ्यात पाइप गुंडाळत होता. मी त्याच्यावर ओरडलेच.

"कुणी सांगितलं रे तुला इथं पाणी घालायला?"

"सरनं, ताई. म्हणले समद्या झाडाला मार. मी मारलं."

"इकडच्या झाडांना पाणी द्यायचं नसतं."

तो माझ्याकडे बघतच राहिला. "झाडाला पाणी द्यायचं न्हाई? मंग काय द्यायचं?"

त्याचं काही चुकलं नव्हतं. त्याला जे सांगितलं ते त्यानं केलं होतं.

एवढ्यात माझ्या वर्गातली अहमदपूरची मुलगी रिकामी बादली घेऊन आली. ती कॉलेजच्याच हॉस्टेलवर राहते आणि मला काकू म्हणते. वर्गातली सगळीच म्हणतात. टँकर बघून ती थांबली.

"काकू, हा आमचा टँकर हाय. सकाळपासून वाट बघून राहिलो आम्ही. एकीनंबी आंघोळ केली न्हाई."

मी टेप पिशवीत कोंबला. तोंड उघडलं असतं तर त्या पोरीसमोर शिव्या आल्या असत्या.

हा विषय मी का घेतला हे सांगायला हवं. माझं माहेर हदगावचं, सासर नांदेडचं. बीएस्सी ॲग्री होऊन लग्न झालं आणि मग बरीच वर्षं मी नांदेडात लोकांच्या बंगल्यांच्या बागा करून दिल्या. नांदेडला गोदावरी आहे, तरी मार्चनंतर लॉन पिवळं पडायचं आणि लोक मला फोन करायचे. प्रत्येकाला लॉन हवं, प्रत्येकाला कारंजं हवं. मुलं बाहेर शिकायला गेल्यावर मी ठरवलं की हे नीट शिकून घ्यायचं. आपल्या हवेत आपली बाग कशी करायची ते कुणीतरी शिकवत असेलच.

कुणी शिकवत नव्हतं. पहिल्या सहामाहीत आम्हाला लॉनच्या गवताचे प्रकार पाठ करायला लावले. झाडांची जी यादी दिली ती बारा महिने पाऊस पडणाऱ्या मुलखातली. आराखडे काढायचे म्हणजे कागदावर हिरवे गोल काढायचे, मधे निळा नागमोडी पट्टा, तो ओढा. लातुरात, जिथे माझ्या भाड्याच्या खोलीत नळाचं पाणी आलं की घरमालकीण पातेल्यासुद्धा भरून ठेवते, तिथे आम्ही कागदावर ओढे काढत होतो. मी औसा रोडवरच्या एका शाळेचा आराखडा केला, त्यात तरवड आणि करवंदाचं कुंपण दाखवलं. पुण्याहून आलेले परीक्षक म्हणाले, "मॅडम, हे तर बांधावरचं झुडूप. लॉन कुठंय?"

"सर, लॉनला पाणी कुठंय?"

पोरं हसली. मला मार्क कमी पडले. त्याच दिवशी प्रबंधाचा विषय ठरला.

तर १९ मेला मी चिखलाच्या चपला तशाच घालून सरांच्या केबिनमध्ये गेले. सर म्हणजे विभागप्रमुख आणि माझे मार्गदर्शकही तेच. माझ्याहून लहान आहेत. आंब्याची कलमं फार सुरेख बांधतात, पण वरून फोन आला की उभे राहून बोलतात.

"या मॅडम, बसा. चहा सांगू?"

"चहा नको. माझ्या कोरड्या भागात पाणी सोडायला तुम्ही सांगितलंत?"

"हो. परवा कॉलेज तपासायला समिती येतेय ना. तुमचा प्लॉट आपण मुख्य म्हणून दाखवणार आहोत. बिनपाण्याची बाग. आख्ख्या विद्यापीठात असं कुणाकडे नाही."

"बिनपाण्याची बाग दाखवायची म्हणून तिला पाणी दिलंत?"

"जरा टवटवीत दिसायला नको का? तुमची ती निर्गुडी बघितलीत? मान टाकली होती."

ते चेष्टा करत नव्हते, म्हणून माझा संताप आणखी वाढला.

"सर, मान टाकली होती हेच मला लिहायचं होतं. मेच्या शेवटी ती मरते की पुन्हा उठते हेच बघायचं होतं. एप्रिलपर्यंत कुठलंही झाड तग धरतं. खरा हिशोब या पंधरा दिवसांत होतो. माझी मापं गेली."

"जातात कुठं?" त्यांनी दार लोटून घेतलं. "मागच्या आठवड्याची आहेत ना? त्यावरून पुढची बसवा अंदाजानं. पाणी दिलं हे तुम्हाला माहीत, मला माहीत आणि टँकरवाल्याला माहीत. तो काय तुमचा प्रबंध वाचणार आहे का? जूनमध्ये जमा करा, मोकळ्या व्हा. नाहीतर आणखी एक उन्हाळा थांबावं लागेल. वर्ष जाईल. या वयात कशाला..."

"वयाचं मी बघते," म्हणाले आणि उठले.

संध्याकाळी नांदेडला नवऱ्याला फोन केला. त्याचं हार्डवेअरचं दुकान आहे. दोन वर्षं तो एकटा राहतोय, डबा लावलाय, शनिवारी मी एसटीनं जाते तेव्हा घरचं जेवतो. जून कधी येतोय याची तो माझ्याहून जास्त वाट बघत होता. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "झाडाला पाणी घातलं म्हणून भांडणारी बाई मी पहिल्यांदाच बघून राहिलो."

"हसू नका. एक वर्ष जाईल माझं."

"मग सर सांगतेत तसं लिही की. कोण मोजायला येणार आहे?"

"अहो, तुमच्या दुकानातला पाइप किती दाब सोसतो हे अंदाजानं सांगता का गिऱ्हाईकाला?"

"तसं सांगितलं तर गिऱ्हाईक पाइप माझ्या डोक्यात घालंल."

"मग?"

तो म्हणाला, "डब्यात परत वांगंच आलंय बघ. आणखी एक वर्ष वांगं," आणि फोन ठेवला. त्यावरून मला कळलं की त्याला पटलंय आणि आवडलेलं नाही.

मलाही आवडलेलं नव्हतं. जूनमध्ये पदवी घेऊन नांदेडला परत जायचं आणि काम सुरू करायचं असं मी ठरवलेलं होतं. पण मी खोटी मापं लिहिली तर एखाद्या गावची मंडळी ती खरी मानून शाळेभोवती निर्गुडी लावतील, दुसऱ्या उन्हाळ्यात पाणी तोडतील आणि ती जळून जाईल. मग म्हणतील, इथं काही जगतच नाही, फरशी घाला. असंच होतं. मराठवाड्यातली निम्मी अंगणं अशीच फरशीखाली गेलीत.

समिती ठरल्या दिवशी आली. तीन माणसं, शाली, नारळ, भाड्याच्या पामांमधून चालत. माझ्या प्लॉटवर दोन दिवसांत कमाल झाली होती. निर्गुडीनं मान वर काढली होती, आपट्याला तांबूस कोंब फुटले होते. सरांनी माझी ओळख करून दिली, "या आमच्या ज्येष्ठ विद्यार्थिनी," वगैरे. समितीतले मोठे गृहस्थ खूश झाले.

"वा! म्हणजे या झाडांना अजिबात पाणी नाही?"

"परवापर्यंत नव्हतं," मी म्हणाले. "परवा टँकर घातला."

"का?"

"तुम्ही येणार म्हणून. टँकर मुलींच्या हॉस्टेलचा होता. त्या दिवशी त्यांना पाणी मिळालं नाही."

कुणीतरी खोकलं. सरांनी खाली बघितलं. मी त्या गृहस्थांकडे बघत राहिले, आता ते काही विचारतील म्हणून. ते सरांच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "हिरवळ मात्र छान ठेवलीय. अशीच ठेवा. आम्ही पुन्हा येऊ." आणि सगळे जेवायला गेले.

दोन दिवस मी मनात भाषण तयार करत होते. त्याची गरजच पडली नाही. मी खरं बोलले आणि त्यांनी ते पामांकडे बघावं तसं वरवर बघितलं आणि पुढे गेले. ऊन डोक्यावर होतं, तरी तिथेच उभी राहिले.

जेवणं झाल्यावर सर एकटे आले. आवाज चढलेला नव्हता. "मॅडम, तुम्ही माझी अब्रू घालवलीत."

"सर, मी अंदाजानं काही लिहिणार नाही. पुढचा उन्हाळा घेते."

"घ्या. पण ते म्हणालेत अशीच ठेवा. उद्यापासून दिवसाआड टँकर येणार इथे. मला वरून विचारतील."

"मग पुढचा उन्हाळाही गेला."

"ते तुम्ही बघा," म्हणाले आणि पाम मोजायला निघून गेले. नर्सरीवाला आला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कॉलेजच्या शेडमधून कुदळ आणि फावडं घेतलं आणि प्लॉटकडे येणाऱ्या एकमेव गाडीवाटेवर आडवा चर खणायला लागले. मुरूम कडक, कुदळ उडायची. गुडघाभर खोल झाल्यावर टँकर आला आणि अलीकडेच उभा राहिला.

"ताई, आता कसं जायचं?"

"जायचं नाही. हॉस्टेलला घेऊन जा."

"सर इचारतील."

"सांग, वाट खणलीय. कुणी खणली तेही सांग."

तो खाली उतरला, चराकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "लई खोल न्हाई हो. दगड टाकून जाईल गाडी," म्हणाला आणि टँकर मागे घेऊन हॉस्टेलच्या दिशेनं गेला.

मी पदर खोचला आणि आणखी हातभर खोल खणलं.