पल्लवीची खुर्ची

लिंबायतच्या त्या मराठी शाळेत कॉम्प्युटरचा वर्ग सांभाळणं म्हणजे खायचं काम नव्हतं. पोरागणिक एक मशीन आणि मशीनगणिक एक उपद्व्याप! पण जयश्री मॅडम वस्ताद. पोरांच्या पाठीमागे त्यांचं टेबल. त्यावरच्या मोठ्या मशीनमध्ये सगळ्यांचे पडदे बारक्या चौकोनांत दिसायचे. कोणी गाड्या पळवायला लागला, की मॅडम जागेवरूनच त्याचा पडदा काळा करायच्या.

ओरडाआरडा अजिबात नाही. बहुतेक पोरांचे आईबाप कापडाच्या लूमवर. तिथल्या खडखडाटात हाक ऐकू येत नाही, सगळं बोलणं हातानं. हात डोक्यावर नेऊन मूठ दोनदा उघडली-मिटली, की समजायचं, मशीन बंद पडलं. जयश्रीचे वडील सुकदेव कडोदऱ्याला लूमवरच होते. तिला ती खूण घरातलीच. तिनंच ती वर्गात आणली. मूठ दिसली, की ती बसल्या जागी ते मशीन बंद करून चालू करायची.

मागच्या पावसाळ्यात पल्लवीचा हात वर गेला. जयश्रीनं मशीन बंद-चालू केलं. हात पुन्हा वर. पुन्हा बंद-चालू. "अगं पल्लवी, दम धर जरा, होतंय!" पडदा लख्ख उजळला. हात पुन्हा काही वर आला नाही. घंटा झाली, सगळी पोरं उठली, ती उठली नाही. कपाळ नुसतं तव्यासारखं. डेंग्यू होता. दवाखान्यातून पोर घरी आलीच नाही.

मशीन धडधाकट होतं हो! बंद पडत होती ती पोर.

जयश्री भेटायला गेली, तेव्हा पल्लवीची आई धुरपदाबाई एवढंच म्हणाली, "मॅडम, तिनी शाळेमा कोणले काहीच सांगं नही का?"

"नाही हो," जयश्री म्हणाली.

तो 'नाही' तिच्या मानगुटीवर बसला. भर वर्गात तो एक चौकोन काळा दिसायचा. जवळ जावं, तर पडदा चालू. पाठमोऱ्या वेण्यांमधून एक मूठ उघडायची, मिटायची. ती धावायची, तर तिथं रिकामी खुर्ची. त्या खुर्चीवर ती कोणाला बसू देईना. खरं सांगून टाकावं असं रोज वाटायचं, पण पाय धुरपदाबाईच्या गल्लीकडे वळायचेच नाहीत.

यंदा धुरपदाबाईच धाकट्या कविताला घेऊन वर्गाच्या दारात उभी राहिली. जयश्रीच्या ओठांवर आलं आणि तिनं ते गिळलं. बाई निघून गेली. कवितानं नेमकी तीच खुर्ची ओढली.

थोड्या वेळानं तिथून हात वर गेला. मूठ उघडली, मिटली.

जयश्रीनं चौकोनाकडे पाहिलंसुद्धा नाही. धडपडत धावली, पोरीचं कपाळ चाचपलं. "काय होतंय गं बाळा? कुठं दुखतंय?"

कविता बावरली. "काही नाही मॅडम. माऊस अटकलाय."

वर्ग फिदीफिदी हसला. कपाळ चांगलं गार होतं, पण जयश्रीला हात काढवेना. "ही खूण कोणी शिकवली तुला?"

"आईनं. ताईनं दवाखान्यात तिला करून दाखवली होती. म्हणाली, मी दोनदा केली, मॅडमनी पाहिलं."

म्हणजे विचारलं तेव्हाही धुरपदाबाईला सगळं माहीत होतं.

"आई म्हणाली," कविता सांगत होती, "तू केलीस ना, की मॅडम उठून येतील."