चौथं व्रत

हिंगणीच्या बसथांब्यावर बाबांनी माझी ट्रंक स्वतः टपावर चढवली, तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. बौद्ध मास्तरांची पोर ख्रिस्ती मठात सिस्टर व्हायला निघाली म्हणून अर्धं गाव तोंडात बोट घालून बघत होतं. आई रडत बाबांना म्हणाली, "तुमी तिले अडवत काऊन नाई?" बाबा म्हणाले, "शिकवाले जाऊन राह्यली ते. शिकवणाऱ्याले अडवाचं नसते."

दादा, तू गावात राहिलास म्हणून हे तुला लिहितेय. माझ्यासारख्या दूर गेलेल्या कुणी वाचलं तरी चालेल.

आमचा सिस्टरांचा संघ बेल्जियममधल्या एका लेस विणणाऱ्या बाईने काढला. मागावर राबणाऱ्या पोरींना तबेल्यात बसवून ती अक्षरं शिकवायची. गरिबी, ब्रह्मचर्य, आज्ञापालन ही तीन व्रतं सगळ्याच मठांत असतात. चौथं आमचं, मरेपर्यंत मुलींना शिकवण्याचं. खरं सांगू? त्या चौथ्यावर भाळून मी बाकीची तीन घेतली.

बारा वर्षं विदर्भात शिकवलं. मग आज्ञा आली, बेल्जियमच्या मूळ मठात जा. वाटलं, तबेल्यातल्या त्या शाळेत शिकवायला मिळणार! पोचले तर शाळा केव्हाच बंद झालेली. नऊ म्हाताऱ्या सिस्टर आणि एक मी. त्यांना उचलणं, आंघोळ घालणं, डायपर बदलणं, गोळ्या देणं. दुपारी उरलेल्या वेळात संघाचा इतिहास लिहायचा. इथे सिस्टर वारली की जेवणाच्या टेबलावर तिच्या आयुष्याचं एक पान वाचतात. पहिली ओळ ठरलेली, तिने किती वर्षं शिकवलं. अशी तीन पानं मी लिहिली. माझ्या पानावर ती ओळ बारावरच अडेल.

पहिल्या रविवारी बाबांनी फोनवर विचारलं, "काय शिकवलं बाई या हप्त्यात?" त्यांचा आवाज इतका खुश होता की मी म्हणाले, अपूर्णांक. तिथून नऊ वर्षं खोटं बोलत राहिले. गणितात कच्ची अशी लोट्टे नावाची एक पोर मी रचली. बाबांनी आठवडाभर विचार करून तिच्यासाठी युक्ती काढली, "भाकरीचे तुकडे करून दाखव तिले." विहारात ते लोट्टेची प्रगती सांगायचे म्हणे. मला लाज वाटायची आणि रविवारची वाटही बघायचे.

बाबा अंथरुणाला खिळल्यावर तू व्हिडिओ कॉल लावून दिलास. बाबा म्हणाले, "एकडाव लोट्टेले दाखव." मी फोन घेऊन जुन्या वर्गात गेले. तिथे घडी घातलेल्या व्हीलचेअर ठेवतात. सगळं सांगून टाकलं.  बाबा म्हणाले, "मंग तू तिथं काऊन आहेस?"  पुढच्या रविवारी त्यांनी शिकवण्याचं विचारलंच नाही. "जेवली का?" एवढंच.

परतीचा अर्ज केला. उत्तर आलं, तुझ्या जागी पाठवायला कुणी नाही, उरलेल्या सहाजणी जिवंत आहेत तोवर थांब. बाबांकडे किती दिवस उरलेत, डॉक्टर काय म्हणाले ते तुला ठाऊकच आहे.

म्हणजे घर आता या सहाजणींच्या पलीकडे आहे. त्यांनी मला सून, लेक, आई सगळं मानलंय. रोज सकाळी मी एकेकीचं दार उघडते आणि श्वास चालू आहे का बघते. चालू दिसला की मनात आधी काय येतं, ते देवालाही सांगायची माझी हिंमत नाही.