रडणं आणि चहा यांच्या मधली वेळ

आईपणाचं मोल कुणालाच करता येत नाही, असं मी लहानपणापासून ऐकत आले. कळमनुरीच्या मंगल कार्यालयात ते केलेलं होतं, आणि हप्त्यांची सोयही होती. साध्या आईसाठी एक दर, जागरूक आईसाठी दुसरा, आणि जिला इतर आयांना जागरूक करण्याचा परवाना हवा असेल तिच्यासाठी तिसरा. फ्लेक्सवर तिसऱ्या दरापुढे सोनेरी तारा होता.

मी तिथे गेले ती धाकट्या बहिणीमुळे. ती वारंगा फाट्याजवळच्या खेड्यात राहते आणि ब्लाउज शिवते. घराच्या ओसरीत मशीन चालवून तिनं फाट्यावरच्या एका गाळ्याच्या डिपॉझिटपुरते पैसे जमवले होते. गाळेवाला आठवडी बाजारापर्यंत थांबायला तयार होता. त्यानंतर गाळा मोबाइलची कव्हरं विकणाऱ्याला जाणार होता. ते पैसे घेऊन ती त्या दिवशी कळमनुरीला आली. पर्स तिनं खांद्याला लावली नव्हती, पोटाशी धरली होती.

"आक्का, गाळा काय, पुढच्या साली भी भेटंल," ती जीपमधून उतरताच म्हणाली. "लेकराचं वय निघून चाललं."

लेकरू सहा वर्षांचं होतं आणि तिच्या पदराआडून चिक्की खात होतं. अनोळखी माणसानं काही विचारलं की ते भिंतीकडे बघत राहायचं, एवढीच त्याची तक्रार. पण मोबाइलवरच्या, आज इथे आपला कोर्स विकायला येणाऱ्या प्रसिद्ध पालकत्व-तज्ज्ञांनी सांगितलं होतं, की सातव्या वर्षी मुलाच्या मेंदूचं एक दार बंद होतं आणि आत्मविश्वास आत असेल तर आत, बाहेर असेल तर बाहेर. बहिणीच्या हिशेबानं ते दार दिवाळीच्या आसपास बंद होणार होतं.

"तू सहाव्या वर्षी कुणाशी बोलत होतीस?" मी विचारलं.

"म्हून तर बघ काय झालं माझं."

तिच्यासाठी मीही त्या तज्ज्ञांचे बरेच व्हिडिओ पाहिले होते. भीती फुकट होती, उतारा विकत. त्यांची स्वतःची मुलगी व्हिडिओत असायची. ती जे नाचणीचं पीठ खायची ते विकायला असायचं, ज्या लाकडी ठोकळ्यांशी खेळायची ते विकायला असायचे. तिला झोपसुद्धा विक्रीच्या उशीवर लागायची. हे मी बहिणीला दाखवलं, तर ती म्हणाली, "बघ ना, किती शहाणी पोरगी हाय."

कार्यक्रमाचा आयोजक माझा जुना विद्यार्थी निघाला. आता तो क्लास चालवतो. सोनेरी ताऱ्याचा दर त्यानं आधीच भरला होता, त्यामुळे इतरांनीही भरावा अशी त्याची मनापासून इच्छा होती. दारात त्यानं मला नमस्कार केला आणि न विचारता धंदा समजावून सांगितला. शिक्षकांना सगळं सांगण्याची सवय काही मुलांची सुटत नाही.

"मॅडम, पैसा भाषणात न्हाई. लोकाईचं रडणं झालं की चहा येईपर्यंत जो टाइम असतो ना, तेवढाच आपला. चहा पिला की माणूस शुद्धीवर येतो."

"मग चहा ठेवता कशाला?"

"चहा न्हाई म्हणलं तर येतंय कोण?"

तज्ज्ञ आले. लिननचा कुर्ता, गालाशी चिकटलेला माइक. एक साधा माइकही हातात होता, तो लोकांच्या तोंडापुढे धरायला. शाल-नारळ झाला. मग ते बोलले, आणि चांगलं बोलले हे मान्य करायला हवं. दोन मुलांमध्ये कधीही फरक करू नका, तुलना हे विष आहे, हे वाक्य त्यांनी आमच्याकडून मोठ्यानं तीनदा म्हणवून घेतलं. मग दिवे बंद झाले आणि व्हायोलिन सुरू झालं. डोळे मिटा. तुमचं मूल मोठं झालंय. बॅग घेऊन दारातून बाहेर पडतंय. ते मागे वळून बघत नाही.

हॉलभर हुंदके फुटले. बहीणही रडत होती, पर्स दोन्ही हातांनी आवळून. मी एक डोळा उघडला. अंधारात आयोजकाच्या क्लासमधल्या मुली मागच्या टेबलांवर क्यूआर कोडचे फलक मांडत होत्या. माझ्या शेजारची म्हातारी सुनेसोबत आली होती आणि तिनं एकही डोळा मिटलेला नव्हता.

"काहून रडून राहिल्या गं ह्या?" तिनं मला विचारलं. "कोण गेलं?"

"कोणी नाही मावशी. अजून जायचंय."

दिवे लागले. तज्ज्ञ भरल्या आवाजात पुढे सतरंजीवर बसलेल्या मुलांना म्हणाले, "बाळांनो, जा, आपल्या आईच्या पाया पडा आणि तिला घट्ट मिठी मारा."

इतर गावांत हे बिनबोभाट पार पडत असणार. आमच्याकडची एक गोष्ट त्यांना कोणी सांगितली नव्हती. इथे चार माणसांत लेकरू पाया पडतं ते आधी पाहुण्याच्या. आणि पहिल्यांदा आलेला पाहुणा त्याच्या हातावर खाऊला म्हणून नोट ठेवतो. ती ठेवेपर्यंत लेकरू हलत नाही, आणि हललं तर त्याची आई हलू देत नाही.

"ए पोरांनो, आईकडं कुठं चालले?" म्हातारी कडाडली. "आधी पाव्हण्याच्या पडा की!"

पहिला स्टेजवर चढून पाया पडला तो आयोजकाचाच मुलगा. तज्ज्ञांनी डोक्यावर हात ठेवला, कॅमेऱ्याकडे पाहिलं. मुलगा उभाच. त्यानं आपला तळवा पाहिला, मग पाहुण्याकडे पाहिलं.

"खाऊला काही देते का न्हाई पाव्हणा?" म्हातारीनं हॉलला विचारलं.

तज्ज्ञ हसले आणि खिशातून शंभराची नोट काढून दिली. कॅमेरा चालू होता, त्यापेक्षा लहान नोट शोभली नसती. हॉलला दर कळला.

हुंदके नळ बंद करावा तसे थांबले. पदरानं डोळे पुसत आया आपापल्या लेकरांना रांगेत ढकलू लागल्या. एका बाईनं घरी फोन लावून राहिलेली दोन बोलावून घेतली. शंभराच्या नोटा लगेच संपल्या. मग पन्नासच्या आल्या, मग कार्यकर्त्यांच्या खिशातल्या दहाच्या. मागच्या टेबलांवरच्या मुली फलकांमागे ताटकळत होत्या, आणि रडणं होऊन गेलेल्या सगळ्या बाया स्टेजसमोर उभ्या राहून रांग मोजत होत्या.

आमच्या लेकराची पाळी दहाच्या नोटांत आली. त्यानं नोट उलटसुलट करून पाहिली. तज्ज्ञांनी हातातला माइक त्याच्या तोंडापुढे धरला.

"आता काय म्हणायचं बेटा?"

बहीण पर्स आवळून पुढे झुकली. भिंत जवळच होती, त्यानं तिकडे पाहिलं असतं तर मला नवल वाटलं नसतं. त्यानं आयोजकाच्या मुलाकडे बोट केलं.

"त्याला शंभर दिले."

माइक चांगल्या कंपनीचा होता.

"बेटा, भावना महत्त्वाची," तज्ज्ञ म्हणाले.

"मला भी शंभर पाहिजे."

"बराबर बोलून राहिलं लेकरू!" म्हातारी म्हणाली.

आणि माझ्या शेजारी माझी बहीण उभी राहिली. डोळे अजून ओले होते, आवाज मात्र कोरडा ठणठणीत. "सर, तुमीच म्हणले ना आत्ता, लेकरा-लेकरात फरक करू नका म्हून? तीन खेप म्हणून घेतलं आमच्याकडून!"

हॉल उसळला. व्हय, व्हय, असं चारी बाजूंनी झालं. अभ्यास, हट्ट, मोबाइल, अंथरूण ओलं करणं, या सगळ्यांवर तज्ज्ञांकडे उपाय होते. यावर नव्हता. त्यांनी आयोजकाकडे पाहिलं. आयोजकानं स्वतःच्या खिशातून नव्वद रुपये काढून आमच्या लेकराला दिले. पाहुण्याला आमची रीत आधी न सांगणं ही त्याची पहिली चूक, ही दुसरी. दहा मिळालेली सगळी लेकरं उरलेले नव्वद घ्यायला परत फिरली, आणि नेमका तेव्हा चहा आला.

टेबलांकडे दोघी जणी गेल्या. कप कुठे टाकायचे ते विचारायला.

बाहेर आल्यावर बहीण भर रस्त्यात लेकरासमोर खाली बसली. "तू बोलला रे? एवढ्या लोकांत?"

"मंग काय."

ती हसायला लागली, ती थांबेचना. रस्त्यानं जाणारे बघायला लागले. "आक्का, हे मुकं कुठंय? ह्याला आजवर कोणी कामाचं विचारलंच न्हाई!"

मग तिनं पदर खोचला आणि फाट्याच्या जीपला हात केला. मीही चढले. हे बघायला मिळणार असेल तर मी उभ्यानं गेले असते. गाळेवाला अजून दुकानात होता. तिनं पैसे त्याच्यासमोर ठेवले आणि म्हणाली, "मोजा. अन् किल्ली द्या." पहिल्यांदाच पर्स तिच्या खांद्याला लटकत होती.

उद्घाटन तिनं स्वतःच केलं, स्वतःच्या कात्रीनं. बोर्डावर तिचं नाव, नावाखाली 'प्रोप्रायटर'. फिती कापण्याच्या प्रकाराला मी आयुष्यभर नाक मुरडलं. त्या दिवशी हात दुखेपर्यंत टाळ्या वाजवल्या.

पहिल्या दिवशी एकच गिऱ्हाईक आलं. त्याला पायजम्यात नाडी घालून पाहिजे होती.