वैजूशी कुठल्या भाषेत बोलायचं

कुंभकोणमच्या स्टेशनवर माझे वडील, अप्पा, आम्हाला सोडायला आले, तेव्हा हमालाशी तमिळमध्ये बोलले, माझ्याशी आणि माझा नवरा रघू याच्याशी आपल्या घरच्या तंजावरी मराठीत बोलले, आणि वैजूशी काहीच बोलले नाहीत. गाडी हलायच्या आधी त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. ती खिडकीच्या गजांवर बोट फिरवत होती. तिने वर पाहिलं नाही. त्यांची एकुलती नात पुण्याला निघाली होती. आई जाऊन वर्षही झालं नव्हतं, आणि अप्पा आता त्या घरात एकटे राहणार होते.

ते तिच्याशी का बोलले नाहीत, हे कुंभकोणमच्या तुम्हा नातलगांना माहीत आहे. आपल्यापैकी जे माझ्यासारखे बाहेर पडले, त्यांच्यासाठी सांगते.

वैजू तीन वर्षांची झाली तरी बोलत नव्हती. हाक मारली तर वळायची नाही. डब्याचं झाकण जमिनीवर गरगर फिरवत बसायची. ते काढून घेतलं तर भिंतीवर डोकं आपटायची. आमच्या डॉक्टरांनी आधी कान तपासून घेतले. ऐकू नीट येत होतं. मग ते म्हणाले, मुलांच्या वाढीचे तज्ज्ञ असतात त्यांना दाखवा, उशीर करू नका. पण आम्ही सगळे "बोलेल की" एवढ्यावरच तग धरून होतो. अप्पांनी आडुतुरैच्या भात संशोधन केंद्रात जन्मभर नोकरी केलेली. ते म्हणायचे, "काही वाण उशिरा निसवतात गं, पण लोंब्या येतातच." तरी एकदा मला न सांगता तिला स्वामीमलैच्या देवळात घेऊन गेले. तिथल्या ज्या बाळदेवाने प्रत्यक्ष बापाला, शंकराला, ओंकाराचा अर्थ सांगितला, तो हिलाही वाचा देईल, ही आशा.

पुढे बालवाडीच्या बाई म्हणाल्या, घरात मराठी, रस्त्यावर तमिळ, शाळेत इंग्रजी, पोर गोंधळून गेलंय. मराठी बंद करा. त्यांनी चांगल्या मनाने सांगितलं, आणि आम्हाला बरंच वाटलं, कारण निदान काहीतरी करण्यासारखं हाती आलं. आम्ही तिच्याशी तमिळ बोलू लागलो. अप्पांना ते जमेना. दूधवाल्याशी फाडफाड तमिळ बोलणारे अप्पा नातीसमोर अडखळायचे. "ती बाहेरची भाषा आहे. पोराला मांडीवर घेऊन ती कशी बोलू?" असं एकदा म्हणाले. हळूहळू ते तिच्याशी बोलेनासेच झाले.

रघूने पुण्यातली नोकरी धरली, ती मुख्यतः वैजूच्या तपासणीसाठी. इथे मी जन्मात पहिल्यांदा भाजीवाल्याच्या तोंडून मराठी ऐकली. शेजारच्या काकू कौतुकाने म्हणाल्या, "तुमची मराठी अगदी बखरीतली वाटते हो." मी हसले, दार लावलं आणि वैजूला तमिळमध्ये जेवायला हाक मारली. बाहेर मराठी आणि घरात तमिळ, असं सगळं उलटं होऊन बसलं होतं.

तपासणीत यंत्रं नव्हती की सुया नव्हत्या. डॉक्टरबाई जमिनीवर बसल्या. बाळपणापासूनचं सगळं विचारलं: बोट दाखवून काही मागायची का, कुणी हसलं तर हसायची का, तुमच्याकडे वस्तू आणून दाखवायची का. माझं प्रत्येक उत्तर "नाही" येत होतं. मग त्यांनी साबणाचे फुगे उडवले आणि बाटलीचं झाकण घट्ट लावून ती वैजूच्या हातात दिली. वैजूने त्यांचा हात धरून झाकणावर ठेवला. चेहऱ्याकडे पाहिलंच नाही.

आणखी एकदा बोलावून, सगळं पुन्हा पडताळून त्या म्हणाल्या, "हा ऑटिझम आहे."

मी विचारलं, "आमच्या तीन भाषांमुळे झालं का?"

"नाही. तुमच्या कुठल्याच वागण्यामुळे झालेलं नाही. मराठी बंद करायचीही गरज नव्हती. तुम्हाला जी मनापासून येते ती बोला."

"ती बोलेल का?"

"ते आज नाही सांगता येणार. पण तिला काय हवंय ते सांगायला आपण शिकवू. शब्दाने, चित्राने, हाताने, जे साधेल त्याने."

घरी येऊन अप्पांना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "म्हणजे, मी तिच्याशी आपल्यातलं बोललो तर चालेल?"

मी फोन वैजूच्या कानाला लावला.

तेव्हापासून ते रोज व्हिडिओ कॉल करतात. आज काय रांधलं, कावेरीला पाणी किती आलं, सगळं तिला सांगतात. ती फोनकडे बघतही नसे. थेरपी सुरू होऊन बरेच महिने झाले होते. एक दिवस अप्पा फोनवर भजन म्हणू लागले आणि ती स्पष्ट म्हणाली, "नक्को." अप्पांनी भजन थांबवलं. त्या दिवशी त्यांच्याइतका आनंदी माणूस कुंभकोणममध्ये नसेल. थेरपिस्टने विचारलं, "उच्चार 'नको' असा सुधारून घेऊ का?" म्हटलं, राहू दे, आमच्या घरी असंच म्हणतात.

वैजू आज सात वर्षांची आहे. थोडे शब्द बोलते, बाकीचं चित्रांच्या कार्डांनी सांगते. काही दिवस फार अवघड जातात, आणि ते पुढेही येतील.

गेल्या उन्हाळ्यात चुलतभावाच्या लग्नाला कुंभकोणमला आलो. येताना वाटभर मी मनात उत्तरं जुळवत होते: ती का बोलत नाही, का बघत नाही, अजून काही उपाय का केला नाही. एकानेही विचारलं नाही. कुणी तिचे गाल ओढले नाहीत, नाव विचारलं नाही. नागस्वराच्या मोठ्या सनईचा दणका सुरू व्हायच्या आधी आत्त्याने स्वतःहून मागची शांत खोली उघडून दिली. नंतर तिनेच सांगितलं, अप्पा आठवडाभर आधी प्रत्येक नातलगाच्या घरी जाऊन आले होते. बसून, कॉफी घेऊन, सगळं नीट समजावून सांगून.

घर कुठे आहे असं पुण्यात कुणी विचारलं की मी अजूनही कुंभकोणम सांगते. तिथे माझ्या मुलीबद्दल मला काही समजावून सांगावं लागत नाही.