रतनजोत घातलेलं तेल

आमच्या चुलत्यांना, अप्पारावांना, सगळं धावडा गाव अप्पाकाका म्हणायचं. त्यांच्याइतका संशयी माणूस मी आजवर पाहिला नाही. न्हाव्यानं आरसा दाखवला तरी ते डोक्याच्या मागून हात फिरवून बघायचे. काकूंनी चहा दिला तर पहिला घोट काकूंनाच घ्यायला लावतात, असं चतुराबाई काकू स्वतः हसत सांगायच्या.

त्यांच्याकडे लष्करानं लिलावात काढलेली जीप होती. चौऱ्याहत्तर सालची गोष्ट. तेलाचे भाव भडकलेले, म्हणजे काकांच्या संशयाला आयतं खाद्यच मिळालं. गिअर ऑइल आणायला ते थेट जुन्या जालन्यात जायचे, कारण भोकरदनच्या दुकानदारावर त्यांचा विश्वास नव्हता. जालन्याच्या दुकानदारावरही नव्हता. सुटं तेल स्वस्त, पण ते जळकं तेल गाळून केलेलं असणार. डबा सीलबंद पाहिजे. सील चकचकीत दिसलं तर ते इतकं नवं कसं, मळकं दिसलं तर हा डबा कधीपासून पडून आहे? मग थेंबभर तेल चिमटीत घेऊन चोळायचं, हुंगायचं. त्या नव्वद नंबरच्या तेलाला गंधकासारखा उग्र वास येतो. तो आला की काकांचा चेहरा जरा सैल व्हायचा. तोवर दुकानदार दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळलेला असायचा.

जीप चालवायचे साहेबराव. फौजेत गाडी चालवून परत आलेले, बौद्धवाड्यात राहणारे, मोजकं बोलणारे. धावड्याहून भोकरदनला माणसं न्यायची आणि आणायची. अडलेली बाळंतीण असो की बाजाराचं गाठोडं, साहेबराव आहेत म्हटलं की लोक निर्धास्त बसायचे. काकांचा मात्र नेम होता. गाडी परत आली की खाली शिरायचं, गिअरच्या पेटीचा बोल्ट काढायचा आणि करंगळी आत घालायची. बोट बुडालं तर ठीक.

त्या उन्हाळ्यात बोट कोरडं निघायला लागलं. काका तेल भरायचे, चार-आठ दिवसांत पुन्हा बोट कोरडं. खाली जमिनीवर एक थेंब नाही. तेल गळत नाही, मग जातं कुठं? त्या जीपला पाठीला पाठ लावलेल्या दोन पेट्या होत्या. मागच्या धाकट्या पेटीचा दांडा चिखलात रुतल्यावरच ओढायचा, म्हणून तिच्याकडे काका ढुंकूनही पाहत नसत. त्यांची नजर गेली साहेबरावांच्या भावाच्या बैलगाडीकडे. तिची चाकं आधी वेशीपासून ऐकू येत, ती आता मुकी झाली होती.

काका कुणाला काही बोलले नाहीत. जालन्याहून येताना त्यांनी रतनजोत आणली, बायका केसांचं तेल लाल करायला वापरतात ती. नव्या गिअर ऑइलमध्ये ती अंगणातल्या चुलीवर कढवली. घरभर असा वास सुटला की काकूंनी स्वयंपाक परसात हलवला. जुनं तेल काढून काकांनी ते लालभडक तेल पेटीत भरलं आणि वाट बघत बसले.

बोट पुन्हा कोरडं निघालं. काकांनी भर दुपारी जाऊन त्या बैलगाडीचा आस बोटानं पुसून पाहिला. काळं एरंडेल. लाल रंगाचा मागमूस नाही. दुसरा कुणी असता तर इथं थांबला असता. काकांनी ठरवलं की साहेबरावांनी तेल भोकरदनला विकलं.

संध्याकाळी महादेवाच्या पारावर चारचौघांत त्यांनी साहेबरावांना बोलावलं. "बेलभंडारा उचल आन् सांग, तेल घेतलं न्हाई म्हणून."

साहेबराव म्हणाले, "अप्पा, छप्पन साली माझ्या बापानं देव सोडले. ते मला पुन्हा धरता येत न्हाईत. चोरी करनार न्हाई, हे मात्र आमच्या घरी रोज म्हणतेत. तेल मी घेतलं न्हाई."

"शपथ टाळली," काका पाराकडे वळून म्हणाले. माना डोलल्या. मला आजही त्या मानांचा राग येतो. गावात एकदा चोर ठरलं की गाडी सोडा, कुणी बैलजोडीही हाती देत नाही, हे तिथं बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. साहेबरावांनी किल्ली पारावर ठेवली आणि दुसऱ्या दिवसापासून ते सडकेच्या कामावर खडी फोडायला गेले.

मग काका स्वतःच जीप चालवू लागले. एके सकाळी उतारावर हातब्रेक ओढून ते खाली उतरले, तर गाडी हळूहळू घरंगळत उकिरड्यात जाऊन बसली. त्या जीपचा हातब्रेक मागच्या पेटीच्याच पाठीला असतो. काका खाली शिरले, ब्रेकवर बोट फिरवलं आणि त्यांनी मला हाक मारली. बोट लाल होतं. मागच्या पेटीचा बोल्ट सैल केला, तर लाल तेल भळाभळा त्यांच्या कोपरापर्यंत आलं. दोन पेट्यांच्या मधलं, तेल अडवणारं सील झिजलं होतं. पुढचं तेल गुपचूप मागं सरकत होतं. रतनजोतीनं चोर बरोबर दाखवला होता.

काका तसेच, तेलाच्या हातानं, खडीच्या ढिगाऱ्यावर गेले. झालेलं सांगून किल्ली पुढं केली. साहेबरावांनी हातोडा खाली ठेवला नाही.

"मला कशाला सांगून राह्यले अप्पा? मला ठाऊकच हाय. जिथं चोर म्हणलात, तिथं सांगा."

काका गर्विष्ठ होते, पण गेले. त्याच संध्याकाळी लाल तेलाचा डबा पारावर ठेवून त्यांनी सगळं सांगितलं, अडखळत, मान खाली घालून. साहेबराव लांब लिंबाखाली उभे राहून ऐकत होते. सांगून झाल्यावर कुणीतरी डब्यात बोट बुडवलं, चोळलं, हुंगलं, अगदी काकांसारखंच.

"पन अप्पा," तो म्हणाला, "साहेबरावानंच मागून आनून वतलं नसंल कशावरून?"

पारावर माना डोलल्या. शेवटी काकांनी स्वतःच बेलभंडारा उचलला आणि साहेबराव चोर नाहीत अशी शपथ घेतली. दोघं-तिघं गालातल्या गालात हसले. मी लिंबाकडे पाहिलं तेव्हा साहेबराव निघाले होते. किल्ली काकांच्याच हातात होती.