राजूरची तीस सेकंदं

विलास गेल्या महिन्यात, सोमवारी दुपारी राजूरमध्ये हृदयविकाराच्या झटक्याने गेला. वय चौतीस. मला ते मंगळवारी सकाळी, मुंबईत माझ्या वाहिनीच्या बैठकीत कळलं. आमचं शेवटचं बोलणं अकरा वर्षांपूर्वीचं... जालन्यातल्या एका जिन्यात.

त्या जिन्याच्या वर आमचा वर्ग होता. दूरचित्रवाणी निर्मितीचा एक वर्षाचा अभ्यासक्रम, बारा मुलं, एक कॅमेरा, त्याची दोन मेमरी कार्डं. मी अंबडचा, कॅमेऱ्यावर. विलास राजूरचा, घरी मेंढ्या, तो आवाजावर. कुठलंही काम संपलं की तो सगळ्यांना गप्प करून तिथली नुसती शांतता तीस सेकंद रेकॉर्ड करायचा. संकलनात दोन वाक्यांमधली फट भरायला ती लागते. आम्ही कंटाळायचो. "तोंडाची दुकानं बंद करा रे, शांतता गोळा करून राह्यलो," असं तो ओरडायचा. मध्येच कोणी बोललं, तर शिवी हासडून ती फाइल तिथल्या तिथे पुसायचा आणि पुन्हा रेकॉर्ड करायचा.

माझी शेवटची फिल्म राजूरच्या गणपतीपुढे दुर्वा विकणाऱ्या कांताबाईंवर होती. त्या पाऊण तास बोलल्या. दुसऱ्या दिवशी संगणकाला लावलं तर मुलाखतीचं कार्ड कोरं. विलासच्या आवाजाच्या यंत्रावर, वेगळ्या कार्डावर, त्यांचा आवाज शाबूत होता, चित्र नव्हतं. आम्ही परत गेलो, तर कांताबाई म्हणाल्या, "एकदा बोलले, बाबा. आता न्हाई."

नियम असा होता, की संगणकावर उतरवून घेतल्याशिवाय कार्ड पुसायचं नाही आणि पुसलं तर तक्त्यात लिहायचं. तक्त्यात 'कार्ड कोरं केलं' या रकान्यापुढे विलासची सही होती. सर त्या वर्षी मुंबईच्या एका वाहिनीला एकच नाव कळवणार होते, ते माझं किंवा त्याचं. फिल्म बुडाली तर मी बुडणार होतो, तो नाही. हे चुकून झालं असेल यावर माझा विश्वास बसला नाही. जिन्यात मी त्याला अडवलं.

"तूच पुसलं ना?"

तो हेडफोनची वायर गुंडाळत होता. "तुला काय वाटतं?"

"सही तुझी आहे."

"सगळ्यांचा तक्ता मीच भरतो. मंग सही काय सरांची राहील?" वायर खांद्यावरच्या पिशवीत टाकून म्हणाला, "जाय तू मुंबईला. बिलकुल जाय."

मी ते कबुलीजबाब म्हणून धरलं. तक्ता सरांपुढे ठेवला. सरांनी माझं नाव कळवलं. मी मुंबईला गेलो, पुढे बातमीदार म्हणून पडद्यावर दिसू लागलो. विलासने गावात लग्नाच्या चित्रीकरणाचं दुकान टाकलं. दर दिवाळीला त्याचा फोन यायचा. याला काहीतरी हवं असणार, अशा समजुतीने मी तो कधी उचलला नाही.

तेराव्यानंतर राजूरला गेलो. त्याची पत्नी सुनीता दारातच म्हणाली, "तुम्ही मुंबईचे भाऊजी ना? टीव्हीवर लई बोलता, फोनवर न्हाई." मग तिने आतून बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा आणला. त्यात आवाजाची जुनी कार्डं होती, प्रत्येकावर पांढरी पट्टी, तिच्यावर गावाचं नाव. "याला हात लावू देत नव्हते. मी म्हणलं, हाये तरी काय यात? तर म्हणे, काहीच न्हाई, शांतता हाये. यड्यागतच की!"

'राजूर' लिहिलेलं कार्ड मी तिथेच, त्याच्याच हेडफोनवर ऐकलं. आधी कांताबाई. मग शांततेची फाइल: देवळातली घंटा, एसटीचा हॉर्न आणि त्यावर माझा आवाज... "हे जुनं कार्ड आहे रे, पुसून टाकतो. दुर्वांचे शॉट घ्यायचेत." विलास हळू आवाजात, "बघून घे आधी." मी, "बघितलं." पुढे त्याची शिवी. मला यातलं काहीही आठवत नाही. तीनदा ऐकलं. आवाज माझाच आहे.

म्हणजे जिन्यात मी त्याला अडवलं तेव्हा हे त्याच्या खांद्यावरच्या पिशवीत होतं. माझं नाव मुंबईला जावं म्हणून त्याने ते दडवलं, की एखाद्या दिवशी माझ्यापुढे ठेवायला राखलं... दोन्ही शक्यता आहेत. दिवाळीचे फोन दोन्हींत बसतात. सुनीताला विचारलं. ती म्हणाली, "मला काय बोलले न्हाईत. तुमचं नाव निघालं की टीव्हीचा आवाज वाढवायचे, बस."

डबा तिने मला दिला. त्यातली सगळी कार्डं मी आता ऐकली आहेत. 'राजूर'च्या कार्डावर माझ्या आवाजानंतरची फाइल त्याच जागेची, बरोबर तीस सेकंदांची आहे. तिच्यात कोणी बोललेलं नाही. पूर्ण डब्यात शांततेत कोणी बोललेलं असूनही न पुसलेली फाइल ती एकच आहे.